फाटकावरची गुढी

पाडव्याच्या आदल्या दिवशी आता माझा मोबाइल सारखा वाजत राहतो. गुढी का उभारतात याचं ज्ञान चारी दिशांनी येतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला अडाणी ठरवतो. कुणी म्हणतं राम अयोध्येला परत आला म्हणून, कुणी म्हणतं शालिवाहनानं मातीचे शिपाई जिवंत केले म्हणून, कुणी म्हणतं ब्रह्मदेवानं त्या दिवशी सृष्टी घडवली म्हणून. मी जन्मभर शाळेत शिकवलं, तेव्हा निवाडा माझ्याकडे मागतात. मी देत नाही. म्हाताऱ्या मास्तरणीला कुणी काही विचारतंय यातच मला बरं वाटतं, उगाच निकाल देऊन ते का बंद पाडू? पण खरं सांगायचं तर गुढी कशासाठी उभारायची आणि कशासाठी उतरवायची, हे मला लहानपणीच एका वर्षात शिकवून झालेलं आहे. ते कुणाला पाठवता येण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहिते.

आमचं घर म्हणजे रेल्वेचं फाटक. पूर्णेहून गाडी निघाली की चुडाव्याच्या अलीकडे एक गाडीरस्ता रुळांना आडवा जायचा, तिथं आबा गेटमन होते. एक गुमटी, तिच्यात घंटीचा फोन, दोन झेंड्या, एक कंदील. गुमटीमागे दोन खोल्यांची चाळ, एका खोलीत आम्ही, दुसरी कायम कुलपात. गाव बरंच आत होतं. आजूबाजूला काळं रान, रुळाच्या कडेनं बाभळी, आणि जरा पल्याड भागामावशीचा मेंढरांचा वाडा. भागामावशी नात्यानं आमची कुणी नव्हती. तिचा नवरा आणि दीर कळप घेऊन लांब जायचे आणि ती कोकरं सांभाळत मागे राहायची. तिची कोकरं ओरडली की आमच्याकडे ऐकू यायचं आणि आमची घंटी वाजली की तिच्याकडे. एवढाच आमचा शेजार.

माय जिंतूरकडची, भरल्या घरातली. तिथं जेवायला बसल्यावर वाढणारीची वाकून वाकून पाठ धरायची म्हणे. ती या रानात आली आणि तिला फाटक आवडायला लागलं, ते एकाच कारणानं. फाटक बंद झालं की माणसं थांबायची. बैलगाड्या, सायकली, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया. मायनं गुमटीच्या सावलीत माठ ठेवला होता. घंटी वाजून आबा फाटक लावायला निघाले की ती लगबगीनं पदर सारखा करून तांब्या घेऊन बाहेर यायची. "कुठल्या म्हणायच्या तुमी? लेकरं किती?" गाडी यायच्या आत तिला सगळं विचारून व्हायचं. गाडी गेली, फाटक उघडलं, की माणसं निघून जायची आणि ती रिकामा तांब्या घेऊन तशीच उभी राहायची. आबा चिडवायचे, "अजून थोडा टाइम लावून ठेवू का फाटक?" ती हसायची. जिला गाडी उशिरा आलेली आनंदानं चालायची अशी रेल्वेत एकटी माझी मायच असेल.

थंडीत माझा धाकटा भाऊ गेला. अंगावरचं दूधही सुटलं नव्हतं त्याचं. त्यानंतर घंटी वाजली तरी माय बाहेर येईना. माठ तसाच कोरडा पडला. चुलीपुढे बसून ती भाकरीचं पीठ मळत राहायची, मळून झालं तरी मळत राहायची. संक्रांतीनंतर मामा आला आणि तिला जिंतूरला घेऊन गेला. "चार रोज माहेरी ऱ्हायली की बरी व्हईल," असं तो आबांना म्हणाला. माय जाताना मला म्हणाली, "गंगे, येसराचा डबा वरच्या फळीवर हाय." एवढंच म्हणाली. मला वाटतं तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण गाडीची वेळ झाली होती.

मग आमच्या घरात दोन माणसांचा आवाज उरला आणि त्यातलं एक माणूस मुळात कमी बोलणारं. आबांच्या भाकरी जाड व्हायच्या, कडा करपायच्या, मध्ये कच्च्या. ते येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी करायचे, ती रोज वेगळ्या चवीची निघायची आणि मी रोज चांगली झाली म्हणायचे. संध्याकाळी पॅसेंजर यायच्या आधी रूळ गुणगुणायला लागायचे. मी कान लावून बसायचे. मायला परत यायचं तर जिंतूरहून एसटीनं परभणी आणि परभणीहून हीच गाडी. तिला चुडाव्याला उतरावं लागणार, पण माय गाडीत बसली की झोपायची, ही मला मोठी काळजी होती. झोपेत स्टेशन निघून गेलं तर ती पार नांदेडला जाईल आणि तिथं तिला ओळखणारं कोण?

होळीच्या तोंडावर एके दुपारी गुमटीतल्या फोनवर निरोप आला. आबा बाहेर आले, खाटेवर बसले, पुन्हा उठले. बदलीचा माणूस येईपर्यंत ते नुसते फाटकाच्या दांड्याला हात लावून उभे होते. मला म्हणाले, "जिंतूरला जाऊन येतो. तू भागाकडं ऱ्हा." मी म्हणाले मला पण यायचंय. ते म्हणाले, "मायला बरं न्हाई. गर्दी नको." मी हट्ट केला नाही. माय बरी व्हावी म्हणून मी काहीही केलं असतं, घरी राहणं तर सोपंच होतं.

त्या होळीला मी भागामावशीच्या वाड्यावर होते. तिनं कोकरांच्या कुडाजवळ एरंडाची फांदी रोवली, भोवती गोवऱ्या रचल्या आणि मला शेजारी बसवून सांगितलं की ढुंढा नावाची एक राक्षसीण होती. तिला हत्यारानं मरण नव्हतं, देवाच्या वरानं नव्हतं, राजाच्या फौजेनं नव्हतं. ती लेकरांच्या घरात शिरायची. मग कुणीतरी गावातल्या समद्या लेकरांना गोळा केलं आणि म्हणलं, बोंबला, तोंडाला येईल ते बोला, लाजू नका. त्या कालव्याला भिऊन ती पळाली. "तवापासून होळीला बोंब मारत्यात. मोठ्या माणसाच्यानं व्हत न्हाई ते लेकराच्या वरडण्यानं व्हतं," मावशी म्हणाली. मी विचारलं, ती आमच्या घरात शिरली होती का, भाऊ गेला तेव्हा. मावशीनं विस्तवात काडी सारली. मी उठले, रुळाच्या भरावावर चढले आणि तोंडावर हात ठेवून बोंब ठोकली. गावातून पोरांच्या झुंडीचा आवाज बारीक ऐकू येत होता. माझा एकटीचा आवाज रानात जायचा आणि कुठंच न अडता संपायचा. घसा बसेपर्यंत मी ओरडले. जिंतूरच्या दिशेनं तोंड करून ओरडले, कारण राक्षसीण तिकडे गेली असेल तर तिला ऐकू जायला पाहिजे होतं. मावशी मला न्यायला वर आली तेव्हा तिचा पदर डोळ्यांना होता. मला वाटलं धुरानं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका बाईनं मावशीकडे पुरणपोळ्यांचं ताट आणून दिलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मावशीनं मला साखरेच्या गाठींचा हार घातला. इतर वर्षी तो मामाकडून यायचा. मी एकही गाठी मोडून खाल्ली नाही, माय आल्यावर दोघी खाऊ म्हणून फडक्यात बांधून ठेवला.

आबा आले तेव्हा त्यांची दाढी वाढलेली होती आणि त्यांच्या खांद्यावर मायची पत्र्याची ट्रंक होती. "ट्रंक कामून आणली?" मी विचारलं. "तिथं जागा न्हाई," आबा म्हणाले. "माय कवा येणार?" त्यांनी ट्रंक खाटेखाली सरकवली, पुन्हा थोडी बाहेर ओढली, पुन्हा सरकवली. "बघू," म्हणाले. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि तरी त्यांच्यावर रागवावं की त्यांची कीव करावी हे मला ठरवता येत नाही. ते रोज सांगायचं ठरवत असणार. रोज एखादी गाडी येत असणार आणि राहून जात असणार.

पाडव्याआधी शाळेत गुरुजींनी रामाची गोष्ट सांगितली. चौदा वर्षं वनवास झाला, राम परत निघाला, तेव्हा लोकांनी घरोघर उंच गुढ्या उभारल्या, लांबून येणाऱ्याला आपलं गाव ओळखू यावं म्हणून. हे शेवटचं गुरुजी म्हणाले होते की मी मनानंच जोडलं, कोण जाणे. घरी आल्यावर मी आबांना विचारलं आपली गुढी कधी उभारायची. ते झेंडीची काठी पुसत होते. "औंदा गुढी न्हाई." "कामून?" "बांबू न्हाई." आमच्या खोलीमागे बांबूचा भारा पडलेला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी सण करत नाहीत, हे तेव्हा मला माहीत असतं तर त्या एका वाक्यातच मला सगळं कळलं असतं. फाटकावर थांबणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला ते कळलेलं होतं.

मी भागामावशीकडे जाऊन रडले. ती कोकराच्या तोंडात चिंधीची वात धरून दूध पाजत होती. मला गप्प करायला म्हणून तिनं गौरीची गोष्ट काढली. चैत महिन्यात गवर माहेरी येती. आई तिला झोक्यात बसवती, आंब्याची डाळ, पन्हं करती, आयाबाया बोलावती. सासरी लय राबलेली आसती ना ती, मग महिनाभर झोके घेती. "आन् मग?" "मग आकितीला जाती परत आपल्या घरी." मी डोळे पुसले. म्हणजे हिशेब लागला. माय माहेरी होती, झोक्यावर होती, आकितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, परत यायलाच हवी होती, कदाचित पाडव्यालाच येईल. मावशी माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "मी येडी हाय. तू आबाला इचार, बाई. समदं त्येलाच इचार." पण मला आता विचारायची गरज वाटत नव्हती.

पाडव्याच्या दिवशी आबांनी सकाळी कडुनिंबाचा पालासुद्धा तोडला नाही. दुपारी ते गुमटीत बसलेले पाहून मी ट्रंक उघडली. वरच तिचं तांबडं इरकली लुगडं होतं, घडी केलेलं, तिच्या डोक्याच्या तेलाचा वास असलेलं. मी ते घेतलं, तिचा फाटकावरचा तांब्या घेतला, फडक्यातला गाठींचा हार घेतला. त्याला मुंग्या लागल्या होत्या, त्या झटकल्या. भाऱ्यातला सर्वात लांब बांबू ओढत मी रुळाच्या कडेनं पूर्णेच्या बाजूला गेले. तिथं एक वळण आहे. गाडी वळणावर आली की खिडकीतल्या माणसाला समोरचं सगळं दिसतं, आणि फाटकावरून मात्र बाभळीमुळे वळण दिसत नाही. ही जागा मी विचार करून निवडली होती. माय झोपेतून डोळे उघडेल, आपलं लुगडं ओळखेल आणि चुडाव्याला उतरेल. खडीच्या ढिगात मी बांबू रोवला, लुगड्याच्या निऱ्या जमतील तशा केल्या, पाला बांधला, हार घातला, तांब्या पालथा घातला. गुढी सकाळी उभारतात आणि दिवस मावळायच्या आत उतरवतात. माझी तिसऱ्या प्रहरी उभी राहिली. वाऱ्यानं लुगडं सुटलं आणि रुळांवर फडफडायला लागलं. मला ते फार छान दिसलं.

फाटकवाल्याच्या लेकीला लाल कापडाचा अर्थ कळू नये, यावर पुढे माझ्या सासरचे लोक पोट धरून हसले. अर्थ मला चांगला ठाऊक होता. पण त्या दिवशी ते कापड नव्हतं, मायचं लुगडं होतं.

गाडी वळणावर आली आणि तिनं शिटी मारली, मग मोडून मोडून शिट्या मारल्या, मग चाकं किंचाळली. लोखंडाचा जळका वास आला. गाडी गुढीच्या पुढ्यात येऊन थांबली. आमच्या रानात गाडी कधीच थांबलेली नव्हती. मला घाबरायचं सुचलंच नाही, माझ्या मनासारखं झालं होतं. मी डब्यांच्या कडेनं पळत सुटले आणि एकेका खिडकीत बघत ओरडायला लागले, "माय, ए माय, उतर!" खिडक्यांतून तोंडं बाहेर आली. "काय झालं गं पोरी?" "कुणाला हुडकायलीस?" एका बाईच्या अंगावर तसंच तांबडं लुगडं होतं, मी तिच्या खिडकीचा गज धरला, तिनं वळून पाहिलं आणि ती कुणी दुसरीच होती. ती माझा हात धरून म्हणाली, "कुणाची गं तू?" मी हात सोडवून पुढे पळाले. शेवटचा डबा संपला, त्याच्यापुढे नुसते रूळ होते.

तिथं गार्ड खाली उतरून उभा होता, हैदराबादकडचा म्हातारा माणूस. मागून आबा पळत आले, हातात हिरवी झेंडी तशीच. "कौन लगाया ये?" गार्डनं विचारलं. "माही लेक हाय साहेब," आबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "गुढी हाय. आज सण हाय आमचा." "इतना लाल? पटरी पे?" मी मध्येच म्हणाले की माय या गाडीनं येणार आहे आणि ती झोपते, म्हणून. गार्डनं आबांकडे पाहिलं. "माँ किधर है इसकी?" आबांनी मान खाली घातली. त्यांची हिरवी झेंडी खडीला टेकली होती. त्या म्हाताऱ्याला काय समजायचं ते समजलं, मला मात्र समजलं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "म्हैस आयी थी, बोल देता मैं," तो हळूच म्हणाला. मग माझ्याकडे वाकून म्हणाला, "बेटी, अब उतार दे. शाम हो रही."

आबांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. गाडी गेल्यावर त्यांनी गुढी उतरवली, लुगडं घडी करायला घेतलं, त्यांना घडी जमेना. एक टोक मी धरलं, एक त्यांनी, जसं माय आणि मी वाळलेली लुगडी धरायचो. घडी करत करत आम्ही जवळ आलो आणि त्यांनी लुगड्यासकट मला पोटाशी धरलं. त्यांचं सगळं अंग हलत होतं. रात्री आम्ही हारातल्या गाठी दुधात बुडवून खाल्ल्या. तिच्या वाटणीच्या मी बाजूला ठेवल्या.

मग मी आकितीची वाट पाहिली. त्या दिवशी पहाटे अंगण झाडलं, सडा घातला, कोरडा माठ घासून भरला, म्हणजे आल्या आल्या तिला फाटकावर उभं राहता येईल. आबांनी पूर्णेच्या बाजारातून नवी मडकी आणली होती. आकितीला गेलेल्या माणसांच्या नावानं मडकी पाण्यानं भरतात, वर खरबूज नाही तर आंबा ठेवतात, उन्हाळ्यात त्यांना तहान लागू नये म्हणून. दरवर्षी आमच्याकडे दोन असायची, आजाचं आणि आजीचं. आबांनी भिंतीशी गहू पसरून ती दोन मांडली. मग शेजारी तिसरं मांडलं. त्याला कुंकवाची बोटं ओढली आणि गळ्यात हिरव्या बांगड्या घातल्या. मी दारातून बघत होते. धाकट्याचं म्हणावं तर त्याला बांगड्या कशाला?

"हे कुणाचं, आबा?"

ते मडक्याकडेच बघत म्हणाले, "तुह्या मायचं."

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. बाहेर घंटी वाजली, आबा उठले, फाटक लावून, गाडी घालवून परत आले आणि पुन्हा माझ्याशेजारी बसले. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "तू भर. तुह्या हातचं तिला पोचंल." मी भरलं. पाणी मडक्यात पडताना आवाज येत होता, तो बदलत बदलत वर आला आणि थांबला. माझी बोंब तिकडे पोचली नव्हती, लुगडं पोचलं नव्हतं. या पाण्याचा मी विश्वास धरला, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी कुणाशी फारशी बोलले नाही. फाटक बंद झालं की माठातलं पाणी मात्र देत होते. बाया विचारायच्या, "कुणाची गं तू?" मी सांगायचे, "फाटकावरची."

आता तिथं फाटक नाही. रस्ता रुळांच्या खालून काढलाय आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं. कुणाला थांबावं लागत नाही. मी परभणीत पोराच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, पोरगा दूर असतो, फोन करतो. गॅलरीत गुढी उभारते, छोटी, बाजारातून मिळते तसली तयार नव्हे, काठीची. लुगडं कोणत्या रंगाचं असतं ते सांगायचं राहिलं.

वर्ष सरून पुढचा पाडवा आला तेव्हा आबांनी सकाळीच बांबू धुऊन ठेवला. ट्रंक त्यांनीच उघडली. मी तांबड्या लुगड्याला हात लावला, तर त्यांनी तो बाजूला केला आणि खालचं हिरवं काढलं, तिचं लग्नातलं. गुमटीसमोर, अगदी गाडीला दिसेल असं, त्यांनी ते उंच बांधलं. संध्याकाळची घंटी वाजली. फाटक लावून आबा झेंडी घेऊन उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी. गुढी त्यांनी अजून उतरवली नव्हती. रूळ गुणगुणायला लागले.

"आबा, ही बघून थांबंल का गाडी?"

"न्हाई," ते म्हणाले. "हिरवं दिसलं की डायवर थांबत न्हाई. जाऊ द्यायचं आसतं, बाई." आणि त्यांनी आपली झेंडी माझ्या हातात दिली.

मी ती धरली. गाडी वळणावरून आली, शिटी मारून आमच्यासमोरून गेली, खिडक्यांतली तोंडं भराभर सरकली आणि मी एकाही खिडकीत बघितलं नाही.